न गाजलेल्या इंडी रॉक गाण्यांची वर्षाची यादी खेड्यात बसून कशी काढायची

डिसेंबर लागला की जगभरातून वर्षातल्या चांगल्या गाण्यांच्या याद्या यायला लागतात, अन् चार याद्या उघडून पाहिल्या तर बहुतेक तीच वीस-पंचवीस नावं फिरून फिरून दिसतात. वाचायच्या, मीही वाचतो, पण ज्या बँडजवळ जाहिरातीला पैसा नव्हता, ज्यानं भाड्याच्या खोलीत माईक लावून गाणं रेकॉर्ड केलं अन् एका शुक्रवारी टाकून दिलं, त्याचं गाणं तिथं येत नाही, ते आपल्यालाच शोधा लागते. म्हणून दरसाल आपली आपण यादी काढायची. मी दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहतो, कापूस-तूर-हरभरा करतो, पुण्या-मुंबईच्या कॉन्सर्टला जाणं होत नाही, तरी यादी दरसाल होते अन् चांगली होते. ती कशी काढायची ते सगळं सांगतो. उदाहरणं २०२४ सालातली घेतली आहेत कारण त्या सालानं माझ्या कानाला लय दिलं.

आधी काय घ्यायचं अन् काय नाही ते ठरवा

इंडी म्हणजे इंडिपेंडंट, युनिव्हर्सल, सोनी अन् वॉर्नर या तीन मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहून काढलेलं संगीत. १९७७ च्या जानेवारीत मँचेस्टरच्या बझकॉक्स बँडनं ५०० पौंड उसने घेऊन स्वतःच्या न्यू हॉर्मोन्स नावाच्या लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या लहानशा कंपनीकडून, चार गाण्यांची रेकॉर्ड काढली, पहिल्या झटक्यात १००० प्रती, अन् तिकडच्या पोरांना कळलं की कंपनीच्या दारात न बसताही रेकॉर्ड निघू शकते. १९८१ साली न्यूझीलंडात फ्लाइंग नन लेबल सुरू झालं, त्याचे कितीतरी बँड डुनेडिनचे, अन् डुनेडिन म्हणजे लाखभर वस्तीचं शहर, आपल्या यवतमाळएवढं. हे काहून सांगतो तर आपण खेड्यातले, आपला ह्या संगीताशी काय संबंध असं मनात येत असेल तर ते काढून टाका, ह्यातलं बरंच संगीत लहान शहरांतूनही आलं.

न गाजलेलं कोणाला म्हणायचं हे मात्र वर्षाच्या सुरुवातीलाच वहीत लिहून ठेवा, नाहीतर डिसेंबरात मन फितूर होते. माझा नियम साधा आहे, मोठ्या मासिकांच्या पहिल्या दहात नाव आलं की ते माझ्या यादीतून बाहेर, कितीही आवडलं तरी. अमेरिकेच्या एम. जे. लेंडरमनचा 'मॅनिंग फायरवर्क्स' अल्बम मी पिकाला पाणी देता देता पुरता ऐकला, मनापासून आवडला, पण त्या वर्षी तो सगळ्यांच्याच यादीत होता, त्याला माझी गरज नाही. स्पॉटिफायवर गाण्याजवळ किती वेळा ऐकलं त्याचा आकडा दिसतो, तो पाहायचा, पण त्याच्यावरच निकाल द्यायचा नाही. २०२४ पासून त्यांचा नियमही असा आहे की बारा महिन्यांत हजार वेळा वाजलं नाही त्या गाण्याला त्यांच्याकडून एक पैसा भेटत नाही, म्हणजे तुम्ही चार जणांनी चार वेळा ऐकलं तर एखाद्या बँडला खरंच फरक पडू शकतो.

काही वेळा नियम लावणं जड जाते. सिंडी ली म्हणजे कॅनडाचा पॅट्रिक फ्लेगल. त्यानं २९ मार्च २०२४ ला 'डायमंड ज्युबिली' काढला, ३२ गाणी, दोन तासांच्या वर, अन् तेव्हा स्पॉटिफायवर टाकलाच नाही, यूट्यूबवर एकच लांबलचक फाईल अन् एका जुनाट दिसणाऱ्या वेबसाईटवरून डाउनलोड, बस. लपून बसलेला अल्बम म्हणावा तर पिचफोर्क ह्या संगीत-समीक्षेच्या नावाजलेल्या साईटनं त्याला दहापैकी ९.१ गुण दिले अन् दोन आठवड्यांत सगळीकडं त्याचीच चर्चा. मी तो यादीत घेतला नाही. पण तुम्ही अजून ऐकला नसेल तर यादीबिदी बाजूला ठेवा अन् एका रात्री तो पूर्ण ऐका.

शोधायचं कसं

हे काम बारा महिन्यांचं आहे. डिसेंबरात बसून वर्षाची गाणी आठवतो म्हटलं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरचीच आठवतात, जानेवारी-फेब्रुवारीत निघालेली बिचारी मागं राहतात. २०१५ च्या जुलैपासून जगभर नवीन अल्बम शुक्रवारी निघतात, तर आठवड्यातून तो एक दिवस धरायचा. मी शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावर तासभर फक्त नवीन ऐकतो, पूर्ण नाही, प्रत्येक गाण्याचं पहिलं कडवं अन् एकदा कोरस, अन् ज्याच्यावर हात थांबला ते बाजूला ठेवतो. पेरणीच्या दिवसांत हे जमत नाही, तेव्हा नावं लिहून ठेवायची अन् पोळ्याच्या आसपास, कामाची जरा उसंत भेटली की ऐकायची.

सगळ्यात जास्त फळ देणारी वाट म्हणजे लेबलची. एक गाणं आवडलं की ते कोणत्या लेबलवर निघालं ते पाहा अन् त्या लेबलचं बाकीचं सगळं ऐका. २०२४ च्या जानेवारीत मला सॅन फ्रान्सिस्कोच्या द अंब्रेलाज बँडचा 'फेअरवेदर फ्रेंड' अल्बम सापडला. लेबल पाहिलं तर स्लंबरलँड. हे लेबल १९८९ पासून चालू आहे अन् त्यांचा कान एका विशिष्ट आवाजावर आहे, खणखणीत गिटार, साधी चाल, गोड आवाज अन् मागून थोडा गोंगाट. त्याच लेबलवर ऑगस्टमध्ये चाइम स्कूलचा अल्बम निघाला, तोही त्याच शहरातला. चाइम स्कूल म्हणजे जवळपास एकटाच माणूस, अँडी पास्टलॅनिक, अन् हाच माणूस सीब्लाइट नावाच्या बँडमध्ये ड्रम वाजवतो, म्हणजे तिथून सीब्लाइट भेटला. एका गाण्यावरून तीन बँड. लहान लेबल चालवणारा माणूस स्वतःच्या आवडीनं गाणी निवडतो, त्यामुळं त्याची अन् तुमची आवड एकदा जुळली की पुढची कितीतरी वर्षं तो तुमच्यासाठी शोधत राहतो.

दुसरी वाट केईएक्सपी. अमेरिकेतल्या सिएटलचं रेडिओ स्टेशन आहे, लोकांच्या देणग्यांवर चालते, ऑनलाइन फुकट ऐकता येते अन् कोणतं गाणं वाजलं त्याची यादी त्यांच्या साईटवर असते. तिकडची सकाळ म्हणजे आपली रात्र. हिवाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागं असते, तर त्यांचे सकाळचे सात म्हणजे आपल्याकडं रात्रीचे साडेआठ. रात्रीच्या पाळीची लाईन असली अन् मोटर चालू करून बांधावर बसायचं असलं की यापेक्षा चांगली सोबत नाही. यूट्यूबवर त्यांचे बँडना स्टुडिओत बोलावून केलेले लाइव्ह कार्यक्रमही आहेत, ते जरूर पाहा, कोण काय वाजवते ते समोर दिसते तर गाणं लवकर कळते.

बँडकॅम्प ही तिसरी वाट, बँड स्वतःची गाणी थेट ऐकणाऱ्यांना विकतात ती वेबसाईट. तिथं शहराचं नाव किंवा प्रकार टाकून शोधता येते, जँगल पॉप, शूगेझ, स्लॅकर रॉक, जे हवं ते. मी कधी कधी नकाशात बोट ठेवल्यासारखं एखादं शहर टाकतो अन् तिथले बँड ऐकतो. बहुतेक वेळा हाती काही लागत नाही, लागते तेव्हा असं लागते की वर्ष निघून जाते त्या गाण्यावर.

आपल्या देशातल्या बँडसाठी फेस्टिव्हलची पोस्टरं वाचा. अरुणाचलात झिरोच्या खोऱ्यात भातशेतीच्या मधात २०१२ पासून फेस्टिव्हल होते, त्याच्या पोस्टरवर मोठ्या अक्षरातली नावं सोडा अन् खालची बारीक अक्षरातली वाचा, एकेक करून ऐका. दिल्लीचा पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी, बंगळुरूचा परवाज, पुण्याचा ईझी वॉन्डरलिंग्ज, चेन्नईचा एफ सिक्स्टीन्स, हे बँड मोठ्या शहरातल्या पोरांना माहीत आहेत पण आपल्या तालुक्यात विचारून पाहा, एखाद्यालाच माहीत असतील. माझ्या यादीसाठी हेही न गाजलेलेच.

ॲपनं आपोआप लावलेल्या गाण्यांवर मात्र भरवसा ठेवू नका. तुम्ही जे ऐकलं त्याच्यासारखंच ते अजून देते, अन् सारखं सारखं तसंच ऐकून कान बोथट होते. सेटिंगमध्ये जाऊन ऑटोप्ले बंद करा, गाणं संपलं की शांतता होऊ द्या, पुढचं काय ऐकायचं ते तुम्ही ठरवा.

नेट अन् लाईनचं नियोजन

हे थोडक्यात. १२८ केबीपीएसवर (हे आवाजाच्या दर्जाचं माप) तासभर ऐकलं तर साधारण ५८ एमबी जातात, म्हणजे डेटाचा तेवढा प्रश्न नाही, प्रश्न रेंजचा असतो. वावरात रेंज येत-जात असेल तर गावात असतानाच डाउनलोड करून ठेवा. स्पॉटिफायच्या पैसेवाल्या प्लॅनवर डाउनलोड केलेली गाणी चालू राहायला महिन्यातून एकदा तरी नेट लागते. बँडकॅम्पवर विकत घेतलेलं गाणं मात्र फाईल म्हणून आपल्याजवळ येते, ते मेमरी कार्डवर टाकलं की कोणी काढून घेऊ शकत नाही. चार मिनिटांचं गाणं ३२० केबीपीएस एमपीथ्रीत दहा एमबीच्या आत बसते, फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काही न गाळता साठवलेल्या फाईलमध्ये, त्याच्या तिप्पट धरा. मोबाईलच्या इअरफोनवर फ्लॅकची काही गरज नाही, एमपीथ्री घ्या.

वही ठेवा

ॲपमधली प्लेलिस्ट ही वही नाही. गाणी कधी ॲपवरून निघून जातात, नुसतं करडं पडलेलं नाव राहते, अन् ते आपल्याला काहून आवडलं होतं ते तर कुठंच लिहिलेलं नसते. जानेवारीत कृषी केंद्रावाला फुकट डायरी देते ना, ती याच कामाला लावा. तारीख, गाणं, बँड, शहर, लेबल, कुठं ऐकलं, अन् एक ओळ. ती ओळ महत्त्वाची. "छान आहे" असं लिहायचं नाही, काय छान आहे ते लिहायचं, दुसऱ्या कडव्यात ड्रम बंद होतात, शेवटी दोघं वेगवेगळे शब्द गातात, गिटार मधातच चुकल्यासारखी वाजते अन् तीच चांगली वाटते, असं. तीन महिन्यांनी ती ओळ वाचून गाणं डोक्यात वाजलं तर ते गाणं टिकणार आहे असं समजा.

ऐकायचं कसं

यावर मी जरा जास्त बोलतो, कारण यादी चांगली की वाईट ते इथंच ठरते.

एक गाणं तीन ठिकाणी ऐकल्याशिवाय यादीत घ्यायचं नाही. पहिल्यांदा इअरफोन लावून, रात्री, एकट्यानं. माझ्यासाठी ती वेळ म्हणजे जागल. हरभरा निघायच्या आधी रोही अन् रानडुकरं येतात म्हणून रात्री वावरात राहा लागते, तेव्हा एका कानात इअरफोन अन् दुसरा कान वावराकडं. तसं गाणं अर्धंच ऐकू येते हे खरं, म्हणून घरी आल्यावर दोन्ही कानांनी पुन्हा ऐकतो, कारण कितीतरी इंडी रॉक गाण्यांत एक गिटार डाव्या कानात अन् दुसरी उजव्या कानात ठेवलेली असते, त्या एकमेकींशी बोलतात, ते एका कानानं कळत नाही.

दुसऱ्यांदा काम करता करता, फोनच्या स्पीकरवर. कापूस वेचताना ऐकलं की कळते गाण्याची चाल किती पक्की आहे, कारण तिथं बारीकसारीक काही ऐकू येत नाही, बाया बोलत असतात, वारा असते, फक्त चाल अन् ताल पुरतो. हात कामात असताना जे गाणं तोंडात बसलं ते पुढं जाते.

तिसऱ्यांदा मोठ्या आवाजात. ट्रॅक्टरवर स्पीकर बसवलेले असतात त्यावर लावून पाहा. त्या स्पीकरवर बास लय असते अन् बाकीचं दबते, तरी गाणं उभं राहिलं तर समजा मजबूत आहे. याच चाचणीत बरीच नाजूक गाणी पडतात, अन् मला वाटते त्यांना पडू द्यायचं नाही, त्यांच्यासाठी वहीत वेगळं पान ठेवा, ती रात्रीची गाणी म्हणून. मोठ्या आवाजात न टिकणारं गाणं वाईट असतेच असं नाही.

शब्दांचं काय करायचं, हा प्रश्न मला गावातली पोट्टे नेहमी विचारतात. इंग्रजी कळत नाही, मग काय ऐकायचं? माझं सांगणं असं की पहिले तीन वेळा शब्दांकडं लक्षच देऊ नका, ह्यातले निम्मे गायक तोंडातल्या तोंडात गातात, तिकडच्या लोकांनाही पूर्ण कळत नसते. आवाज कुठं चढते, कुठं फाटते, कुठं श्वास घेते ते ऐका. मग बँडकॅम्पवर गाण्याच्या पानावर बहुतेक वेळा शब्द दिलेले असतात, ते वाचत वाचत चौथ्यांदा ऐका, अडला शब्द शोधा. आमच्याकडं तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं लहानपणापासून कानावर असतात, त्यातल्या कितीतरी ओळींचा अर्थ मोठं झाल्यावर कळला, पण ठेका अन् आवाजातली कळकळ तेव्हाच पोचली होती ना, तसंच हे.

अन् घाई नको. पहिल्यांदा ऐकून लगेच आवडलेलं गाणं अन् आठव्यांदा आवडलेलं गाणं यांच्यात मी आठव्यांदावाल्याला वरचा नंबर देतो. हा माझा पक्षपात आहे, तुम्ही तुमचा ठरवा.

२०२४ च्या माझ्या यादीतली काही गाणी

सगळी दहा सांगत नाही, कारण दहा घेऊन तुम्ही माझीच यादी पुढं पाठवाल. ही सहा घ्या, वरच्या कसोट्या लावून पाहा, पटली नाहीत तर काढून टाका.

टोरांटोच्या डक्स लिमिटेडचं 'हॉलोड आउट', 'हार्म्स वे' अल्बममधलं पहिलं गाणं. दोन माणसांचा बँड, अल्बम फेब्रुवारीत कारपार्क लेबलवर निघाला अन् अर्ध्या तासाच्या आत संपतो. गिटार इतकी चकचकीत अन् जोरात धावते की गाणं आनंदाचं वाटते, शब्द वाचले की कळते माणूस खचलेला आहे. हे दोन्ही एकाच वेळी चालू असते, त्याच्यातच त्या गाण्याचा जीव आहे. माझा पहिला नंबर.

शिकागोच्या फ्रिकोचं 'व्हेअर वी'व्ह बीन'. अगदी हळू सुरू होते, जवळपास कुजबुज, अन् मग वाढत वाढत जाते ते शेवटी सगळं अंगावर येते. निको कपेटनचा आवाज वर गेला की तुटतो, तो तुटलेला आवाज त्यानं तसाच ठेवला हे लय चांगलं केलं. जागलीवर ऐकायचं गाणं.

द अंब्रेलाजचं 'थ्री चीअर्स!'. एक मुलगा अन् एक मुलगी गातात. वरती सांगितलेली लेबलची वाट मला ह्याच गाण्यानं दाखवली. कापूस वेचायच्या कसोटीत सगळ्यात वर.

ऑस्टिनच्या बीइंग डेडचं 'गॉडझिला रायझेस', 'ईल्स' अल्बमचं पहिलं गाणं. सोळा गाण्यांचा अल्बम आहे अन् एकही गाणं जिथं सुरू झालं तिथं संपत नाही, मधातच वळण घेते, आवाज एकमेकांत मिसळतात. पहिल्यांदा ऐकलं तर गोंधळ वाटेल, तीन-चारदा ऐका.

धिस इज लोरेलाय म्हणजे नेट अमोस, जो वॉटर फ्रॉम युअर आइज ह्या दोघांच्या बँडमध्येही आहे. त्याचं 'डान्सिंग इन द क्लब'. नाव नाचण्याचं आहे, गाणं दुःखाचं. आवाजावर ऑटोट्यून, म्हणजे यंत्रानं सूर सरळ करायची सोय, लावला आहे, ते पाहून इंडी ऐकणारे काही जण नाक मुरडतात, पण मला वाटते त्या यंत्राच्या आवाजामागं माणूस जास्तच एकटा वाटतो.

अन् पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचं 'फ्लॉवर्स आर ब्लूमिंग', ऑगस्टमधल्या 'बीटा' अल्बमवरचं. सूर्यकांत सहानीचा आवाज जुन्या काळच्या गायकांसारखा जड अन् गोल आहे. इंग्रजी गाणं आहे पण परकं वाटत नाही. ज्याला इंग्रजी गाण्यांची सवय नाही त्याला सुरुवात यानं करून द्या.

नंबर लावायचे कसे

न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॉइस साप्ताहिकात पॅझ अँड जॉप नावाची मतमोजणी होत होती, वर्षाच्या शेवटी समीक्षक दहा अल्बम निवडायचे अन् त्यांच्यात १०० गुण वाटायचे, एकाला जास्तीत जास्त ३०, कमीत कमी ५. हीच पद्धत गाण्यांना लावा. नुसते एक ते दहा नंबर लावले तर पहिल्या अन् दुसऱ्यात किती अंतर आहे ते कळत नाही, गुण वाटायला बसलं की खरं बाहेर येते. मी डक्स लिमिटेडला २२ दिले अन् फ्रिकोला १५, त्या सातच्या फरकावर मी दोन रात्री विचार केला, अन् तेवढा विचार करायला लागणं हाच तर फायदा आहे. इंग्लंडात जॉन पील नावाचा बीबीसीचा रेडिओवाला होता, २००४ साली वारला, त्याच्या कार्यक्रमात १९७६ पासून ऐकणाऱ्यांच्या मतांवर पन्नास गाण्यांची यादी व्हायची, फेस्टिव्ह फिफ्टी, आधी आजवरच्या सगळ्या गाण्यांतून अन् १९८२ पासून त्या-त्या वर्षाच्या गाण्यांतून. गावात चार-पाच जण ऐकणारे झाले तर तुम्हीही असं करू शकता, प्रत्येकानं १०० गुण वाटायचे अन् बेरीज करायची.

यादी डिसेंबरात बंद करू नका. मी संक्रांतीला बंद करतो. डिसेंबरात निघालेल्या गाण्यांना महिनाभर तरी भेटते, तोपर्यंत दुसऱ्यांच्या याद्यांचा गलका शांत होते, अन् संक्रांतीला लोक घरी येतात-जातात तर ऐकवायला माणसंही भेटतात.

एकूण वेळ चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. जुन्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू एवढीच असायची अन् एका बैठकीत माणूस तेवढंच मन लावून ऐकते. ऐकवायचा क्रम गुणांप्रमाणं नको, पहिलं गाणं लगेच पकडणारं ठेवा, सगळ्यात अवघड गाणं मधात, दोन सारख्या चालीची गाणी एकामागं एक नको.

पैसे द्या

यादीत घेतलेलं प्रत्येक गाणं नाही जमलं तरी पहिली दोन-तीन विकत घ्या. बँडकॅम्पवर एक गाणं बहुतेक एका डॉलरच्या आसपास असते, काही ठिकाणी किंमत आपण ठरवायची असते. ते डिजिटल विक्रीवर १५ टक्के ठेवतात, पण २०२० च्या मार्चपासून, कोरोनात गाण्याचे कार्यक्रम बंद पडले तेव्हापासून, काही ठरावीक शुक्रवारी आपला वाटा सोडून देतात, त्याला बँडकॅम्प फ्रायडे म्हणतात. त्याच दिवशी घ्या. त्यांचा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळानं चालते, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडं शुक्रवारी दुपारी दीडला सुरू अन् शनिवारी दुपारी दीडला संपते, उन्हाळ्यात साडेबारा. डेबिट कार्ड चाललं नाही तर घाबरू नका, १ ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करा लागतात, मर्यादा लहान ठेवा अन् काम झालं की परत बंद करा. विकत घेताना बँडला दोन ओळी लिहायची सोय असते. लिहा. कोणत्या गावातून ऐकून राहिलो, वावरात ऐकलं, ते सांगा. लहान बँडला ते खरंच महत्त्वाचं वाटते, काही जण उत्तरही देतात.

ऐकवायचं कसं

पूर्ण यादी कोणाच्याच मोबाईलवर फेकू नका, दहा लिंका एकदम आल्या की कोणी एकही उघडत नाही. माणूस पाहून एक गाणं द्या. ज्याला डीजेचा ढोल आवडते त्याला फ्रिको द्या अन् सांगा, "भाऊ, दोन मिनिटं थांब, शेवटी येते." भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या काकांना मी पीटर कॅट ऐकवलं, ते डोळे मिटून ऐकत राहिले अन् म्हणे, "गाणारा सुरात आहे बाप्पा, पण इतका उदास काहून आहे?" तेवढ्यावर आमचं अर्धा तास बोलणं झालं. बाईकवर फिरणाऱ्या मित्राला डक्स लिमिटेड. "हे काय लावलं बे?" असं पहिल्यांदा ऐकावंच लागते, तिथं वाद घालायचा नाही, गाणं चालू ठेवायचं, दुसऱ्या दिवशी तोच विचारते की कालचं ते कोणतं होतं.

विकत घेतलेली फाईल व्हॉट्सॲपवर वाटत सुटू नका, लिंक पाठवा, नाहीतर सोबत बसून आपल्या स्पीकरवर लावा. सोबत बसून ऐकणं सगळ्यात चांगलं, कारण तुम्ही ज्या जागेवर थांबून "हे ऐक" म्हणता ती जागा लिंकमधून जात नाही. त्या वेळी वही जवळ ठेवा अन् ऐकणारा काय म्हणाला ते गाण्याच्या नावासमोर लिहून घ्या. अन् त्यानं उलट तुम्हाला एखादं गाणं सांगितलं तर तेही त्याच रात्री ऐका, पुढच्या वर्षाच्या डायरीचं पहिलं पान त्यापासून सुरू करता येते.